चढवलं, उतरवलं

वरच्या काळोखातून हाक आली, "डोकी!"

रंगमंचावर उभ्या असलेल्या पाहुण्यांनी झटकन माना वर केल्या. एकट्या शिलाईवाल्या बाईंनी मान खाली घातली, शेजारच्या नणंदेचं कोपर धरलं आणि तिला मागे ओढलं.

"अगं वहिनी, हात उपटशील माझा," नणंद म्हणाली.

ऑपेरा हाऊस दाखवणाऱ्या मुलीला हसू आलं. वरून पडदाबिडदा काही सोडायचं किंवा वर घ्यायचं असलं की वरची, दोरावरची माणसं अशी हाक देतात आणि या बाईंनी केलं तेच करायचं असतं, असं तिने बाकीच्यांना सांगितलं. बाई आधी इथे येऊन गेल्या आहेत का, असंही तिने विचारलं.

"ही कुठली येतेय?" नणंदेने परस्पर उत्तर दिलं. "माझा दादा इथे दोरावर होता. घरी माळ्यावरून बॅग काढायची तरी आधी 'डोकी!' म्हणून ओरडायचा. आम्ही ताटावरून उठून पळायचो."

लोक हसले. बाईही हसल्या, पण ओठांपुरत्या.

तिकिटं नणंदेने काढली होती. बाई नकोच म्हणत होत्या. नवऱ्याची सगळी नोकरी या इमारतीत गेली. तो कामावरून आला की त्या विचारायच्या, आज काय होतं? चपला काढता काढता तो म्हणायचा, "चढवलं, उतरवलं." संपलं. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली, नंतर राग येऊ लागला, पुढे विचारणंच सुटलं. जगाला राजवाडे दाखवायचे आणि घरच्या माणसाला दोन शब्द. कपड्यांना टिपा मारणाऱ्या बाईला यातलं काय कळणार, असंच त्याच्या मनात असणार, अशी गाठ त्यांनी मारून ठेवली होती. तो जाऊन वर्ष झालं तरी ती सुटली नव्हती.

मुलीने वर टॉर्च मारला. बाईंनी आता मान वर केली. छत दिसेचना. प्रेक्षकांना दिसतं त्याच्या कितीतरी वर ती जागा चढत गेली होती, आणि तिथे दोरांच्या रांगांवर रांगा, आणि दोरांना टांगलेले पडदे, वाळत घातल्यासारखे.

मग त्या काळोखातून एक जंगल खाली आलं.

आधी मुळं, मग खोडं, मग माणसाच्या हाताएवढी पानं. केवढं ते धूड, पण सुई पडावी तेवढाही आवाज नाही. शेवटी ते जरा मंदावलं आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं जमिनीला टेकलं.

बाईंना नवऱ्याचे खरखरीत तळहात आठवले. रेशमी कापडाला त्या त्याला हात लावू देत नसत. धागे ओढले जायचे.

"वरच्या माणसाला हे कसं दिसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जंगल ना? नाही दिसत," मुलगी म्हणाली. "तिथून पडद्याची वरची कड दिसते, नाहीतर मागचं गोणपाट. हातातला दोर सोडून खाली यायची सोय नसते. खेळ संपला की सगळं परत वर. माझ्या ओळखीचे एकजण रिटायर झाले, तरी समोरून एकदाही पाहिलेलं नव्हतं त्यांनी."

दोन शब्द. त्याच्याकडे तेवढेच होते, आणि तेवढे तो रोज घरी आणत होता.

मंडळी पुढे निघाली. बाई हलल्या नाहीत. तोंडाशी हात धरून त्या वर बघत म्हणाल्या, "चांगलं उतरलं हो."

"काय?" काळोखाने विचारलं.

"चांगलं उतरलं!" या वेळी आवाज पार रिकाम्या खुर्च्यांपर्यंत गेला. "समोरून फार सुंदर दिसतं!"

असं काही ऐकायची तिथे वर कोणाला सवय नसावी. मग कोणीतरी घसा साफ केला.

"डोकी!"

एव्हाना सगळे शिकले होते. नणंदेसकट सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकट्या बाई मागे सरून मान वर करून उभ्या राहिल्या, आणि वर चाललेल्या जंगलाचं शेवटचं मूळ काळोखात जाईपर्यंत तशाच पाहत राहिल्या.