नव्वद दिवस आणि एक शेगडी

ताई नोंदणी कचेरीत नक्कलनवीस होती. लोकांच्या जमिनींचे जुने कागद वाचण्यात तिची वीस वर्षं गेली, त्यामुळे घरचा करारही तिनेच वाचला आणि वकिलाच्या नजरेतून सुटलेलं कलम तिला सापडलं. आजोबांनी जमीन घरात ठेवली होती, पण जमिनीखालचा गॅस कंपनीला देऊन टाकला होता. परसात कंपनीने खणलेल्या गॅसविहिरीतला गॅस सलग नव्वद दिवस कोणी वापरला नाही, तर तो करार संपणार होता.

आणि विहिरीवरचं यंत्र बिघडलं. कंपनीची माणसं मोठ्या झडपेला कुलूप घालून निघून गेली. ताईने त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर पहिली फुली मारली.

तिचा जीव टांगणीला लागला होता, तो उगाच नव्हे. कंपनीला परसात आणखी आठ विहिरी खणायच्या होत्या. शेजारच्या मास्तरांकडे खणल्या, तेव्हा सहा महिन्यांत त्यांच्या नळाच्या पाण्याला कुजका वास येऊ लागला आणि निजायच्या खोलीत हात जाईल एवढी भेग पडली. मास्तर कोर्टात गेले. कंपनी म्हणाली, खालचा हक्क आमचा आहे. कोर्टाने मान डोलावली. मास्तर आता मुलीकडे राहतात.

आजोबा तसे बेरकी. घराला विहिरीतून फुकट गॅस मिळेल, अशी ओळ त्यांनी करारात घालून घेतली होती आणि आईची शेगडी चाळीस वर्षं त्यावर चालली होती. झडप बंद म्हणजे घरचा गॅसही बंद, असं ताईने धरून टाकलं. तिने सिलिंडर आणि नवी शेगडी आणली, आईपुढे ठेवली आणि कचेरी गाठली. स्वयंपाकघराशी तिचा संबंध ताटावर बसण्यापुरता.

एकतिसाव्या दिवशी कंपनीचा मोजणीवाला, विहिरीच्या गॅसची नोंद ठेवणारा, येऊन गेल्याचं आईने सांगितलं. साठाव्यालाही आला. अठ्ठ्याऐंशीव्याला मात्र ताई घरीच होती. मागच्या पायरीवर बसून तो चहा पीत होता. गोड बोलणारा, स्वच्छ नखांचा माणूस.

"कुलूप बघायला आलात?" ताईने विचारलं.

"छे हो ताई. कुलूप आहे तिथंच आहे, आम्ही हातही लावलेला नाही." त्याने घड्याळ पाहिलं आणि छोट्या वहीत काहीतरी टिपलं. "काकूंच्या हातचा चहा प्यायला आलो."

हरायला दोन दिवस उरलेला माणूस असा निवांत बसत नाही. ताईने जाऊन कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं. मग ती स्वतःवरच चिडली.

नव्वदावी फुली पडली. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी पत्र आलं. त्यात तीन तारखा होत्या, तीन वेळा होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य: विहिरीतील गॅसचा घरगुती वापर चालू असल्याचे पाहिले, करार कायम.

ताई स्वयंपाकघरात धावली. आई जुन्या शेगडीवर दूध तापवत होती. खाली निळी ज्योत संथ जळत होती.

"आई, हा गॅस कुठून येतो?"

"कुठून म्हणजे? विहिरीतून. आपली नळी झडपेच्या आधीच, विहिरीच्या तोंडापासून निघते, तुझ्या बाबांनीच बसवली होती."

"आणि सिलिंडर?"

"कोठीत आहे. मला बाई त्याची भीती वाटते. म्हटलं, अडीअडचणीला राहू दे."

सिलिंडर कोठीत जुन्या चादरीखाली होता, तोंडावरचं सीलही न तुटलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाचे कागद वाचणाऱ्या बाईने नव्वद दिवस त्याच शेगडीवरचं गरम अन्न खाल्लं होतं आणि एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. आईला रागवायच्या ऐवजी तिने पत्र वाचून दाखवलं आणि नव्वद दिवसांचं कलम समजावलं. चूक आईची नव्हतीच.

"सांगायचंस ना गं," आई म्हणाली. "मी शेगडी बंद ठेवली असती. आता बंद करू?"

परसातून ठोकल्याचा आवाज आला. ताईने खिडकीतून पाहिलं. दोन माणसं लाल फडक्यांच्या खुंट्या रोवत होती. एक आईच्या कपड्यांच्या दोरीखाली, एक न्हाणीघराच्या भिंतीला लागून. मोजणीवाला वही काखेत धरून उभा होता. त्याने खिडकीकडे पाहून हात केला.

"काकू," तो हसून म्हणाला, "आज चहाला आम्ही तिघं आहोत हं!"