तालेओच्या आतली जागा

शेताच्या कोपऱ्यात बॉम्बी दिसला त्याच दिवशी मी बांबूच्या कामट्यांची चांदणी विणली आणि काठीवर लावून तिथे रोवली. अशा चांदणीला आम्ही तालेओ म्हणतो. तालेओ दिसला की आत पाय टाकायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. युद्धात विमानांनी टाकलेले असे पेरूएवढे, न फुटलेले बॉम्ब माझ्या लहानपणापासून मातीत पडून आहेत. ते उचलणारी सरकारी माणसं भात कापून झाल्यावर येणार होती.

त्यांच्या आधी तो आला. पलीकडच्या खोऱ्यातला भंगारवाला, हातात लोखंड शोधायचं यंत्र. तालेओजवळ यंत्र किंचाळलं आणि त्याने कुदळ काढली.

"दादा, थांब. खाली बॉम्बी आहे," मी म्हणाले.

"बॉम्बी आहे म्हणे. आमच्या गावातही लावतात तालेओ. कुणी मधाच्या पोळ्याला, कुणी झाडाला. आपला माल दुसऱ्याने नेऊ नये म्हणून. मला शिकवतेस होय?"

"अरे, मरशील."

"मेलो तर तुझ्या बापाचं काय जातंय? चालती हो म्हातारे, नाहीतर ही कुदळ तुझ्यावर चालेल."

तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत. मधाच्या पोळ्याखाली मीही तालेओ लावलेला आहे. मी विनवलं, शिव्या घातल्या, बॉम्बीने मेलेल्या माझ्या दिराची शपथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी. मनात आलं, मर मेल्या, मला काय. पण त्याच्या मनगटावर पांढरा दोरा होता, अजून मळलासुद्धा नव्हता. सुखरूप परत ये म्हणून घरच्या कुणीतरी बांधलेला. माझा जीव कळवळला.

"चल, तुला लोखंडच हवंय ना?" म्हणत मी त्याला घरी नेलं. अंगणात सासूच्या वेळचं एका मोठ्या बॉम्बचं रिकामं कवच होतं, खांबांवर आडवं ठेवलेलं. त्यात मी कांदे लावते. माती, कांदे सगळं उपसून मी ते त्याच्यापुढे लोटलं.

"हे ने. फुकट. पण तिकडे जाऊ नकोस."

त्याने कवचाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते आपल्या हातगाड्यावर चढवलं आणि निघून गेला. मला इतकं हलकं वाटलं की कांदे अंगणातल्या जमिनीत परत लावताना मी गुणगुणत होते.

स्फोट झाला तेव्हा माझे हात मातीतच होते.

नवऱ्याने, सीसवाटने, ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत मी त्या भंगारवाल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी दिलेलं कवच शेताच्या बांधावर तसंच पडलं होतं. त्याने डोळे उघडले. आता त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"घरचं एवढं लोखंड फुकट दिलंस, म्हातारे," तो म्हणाला. "तेव्हाच मला कळलं, शेतात याहून मोठं काहीतरी आहे."