मेंढराच्या मागची गाडी

कुशाबा दुपारभर टीव्हीसमोर मांडी ठोकून गाडी पळवायचा आणि त्याची बायको अंजना दारातून बघत आतल्या आत जळायची. गाडी तरी कसली, पोरखेळातली! ती चालवणार कोण, तर बेडूक, कोंबडा आणि गॉगल लावलेलं अस्वल. अंजनाचा भाचा स्वराज मे महिन्याच्या सुट्टीत हा टीव्ही गेम घेऊन खोडदला आला आणि जाताना इथंच ठेवून गेला. तेव्हापासून वीस वर्षं ट्रक चालवलेला चाळिशीचा बाप्या त्यात गुंतला होता. वीज गेली तरी तो काळ्या पडद्यासमोरून हलायचा नाही.

खेळ होताच तसा लोभस, हे अंजनाला मनातून कबूल होतं. गुलाबी डोंगर, हसरे ढग. गाड्या एकमेकींना धडकल्या की गरागरा फिरायच्या, चालकाच्या डोक्याभोवती चांदण्या नाचायच्या आणि पुन्हा सगळे हसत पुढं. कुणी दरीत पडलं तर वरून एक छत्री यायची आणि गाडी अलगद उचलून रस्त्यावर ठेवायची. त्या खेळात कुणी मरतच नव्हतं. कुशाबाला भूल पडली होती ती याचीच.

लाल मफलर घातलेलं एक मेंढरूही शर्यतीत असायचं. कुशाबा कायम त्याच्या मागं. मेंढरू पहिलं आलं की हा दुसरा. ते शेवटी रेंगाळलं की हा त्याच्याही मागं. पुढं जायला रस्ता मोकळा असला तरी हा जायचा नाही.

त्याचं कारण चैतातल्या एका सकाळचं होतं. कुशाबा रिकामा ट्रक घेऊन टोमॅटो भरायला निघाला होता. वळणावर त्याच्याच धाकट्या भावाची, जानकूची मेंढरं रस्त्याच्या कडेनं चाललेली. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्यानं हॉर्न मारला असता आणि मेंढरं शेतात पांगली असती. पण हॉर्ननं गाभण मेंढ्या बुजतात, हे मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या माणसाला कळत होतं. म्हणून त्यानं खिडकीतून डोकं काढून लहानपणापासूनची हाळी दिली. मेंढरांनी आवाज ओळखला. ती बाजूला झाली नाहीत, त्याच्याकडं धावली. ब्रेक दाबेपर्यंत पुढची मेंढरं चाकाखाली आली होती.

"मी बोलावली म्हून आली गं ती," एवढंच तो त्या दिवशी अंजनाला म्हणाला. त्यानंतर त्यानं ना स्टेअरिंगला हात लावला, ना मोठ्यानं कुणाला हाक मारली.

ट्रकमालक कपिल भला माणूस. आळेफाट्याहून खास निरोप द्यायला घरी आला. "कुशाभाऊ, दसऱ्यापर्यंत शीट तुमचीच. पूजा झाली की तुमीच गाडी भाईर काढायची. त्याच्याम्होरं मात्र मला थांबता येनार न्हाई, राव."

अंजनानं दसऱ्यावर सगळी आशा ठेवली. आदल्या दिवशी तिनं गेमची वायर काढून धान्याच्या कणगीत लपवली. नवरा ताळ्यावर यावा, एवढंच तिचं मागणं होतं. कुशाबानं वायर शोधली नाही, विचारलंही नाही. तिला ते शुभ लक्षण वाटलं.

दसऱ्याला कपिलच्या आवारात ट्रक धुऊनपुसून झेंडूच्या माळांनी नटला. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. जानकू मुद्दाम आला होता. "दादा, माझ्या मनात काय बी न्हाई. बस तू. वैनी, सांगा की त्याला."

कुशाबा चढला. इंजिन सुरू झालं तेव्हा अंजनाचे डोळे भरून आले. ट्रक फाटकाकडं हळूहळू सरकला. लिंबं चिरडल्याचा बारीकसा आवाज झाला, कुणालाही कळू नये इतका बारीक. ट्रक गचका खाऊन बंद पडला.

अंजना धावत गेली. कुशाबा घामानं भिजला होता. नजर वर, काचेतून आभाळाकडं लागलेली. त्याचे दोन्ही अंगठे स्टेअरिंगवर नसलेली बटणं दाबत होते, पुन्हा पुन्हा. तो छत्रीची वाट बघतोय हे तिला उमगलं.

कपिलनं डोळे पुसत किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याला तरी काय बोल लावायचा?

घरी आल्यावर अंजनानं कणगीत कोपरापर्यंत हात घातला. बाजरीतून वायर काढली, पुसली आणि स्वतः टीव्हीला जोडली. दुसरा रिमोट घेऊन ती कुशाबाच्या शेजारी बसली आणि तिनं मेंढरू निवडलं.

शर्यत सुटली. बेडूक गेला, कोंबडा गेला. अंजनाचं मेंढरू जागचं हलेना, आणि त्याच्या मागं कुशाबाची गाडी थांबलेली.

"अवो, कसं चालवायचं ह्येला? हाका की मला!" ती हसत म्हणाली. तिचा आवाज मात्र फाटला होता.

कुशाबानं तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठली, हाळी ओठांपर्यंत आली असावी. तिथंच ती राहिली. मग त्यानं तिचा अंगठा उचलला आणि बटणावर ठेवला.

मेंढरू चालू लागलं. त्याच्या मागं, अंतर राखून, तो.