सुभेदार बारीक झाले

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक पूर्वी पुण्याहून मागवलेल्या पुस्तकावरून बसायचं. त्यातली माणसं पुण्याची, गल्ल्या पुण्याच्या आणि विनोदही तिकडचेच. पिढ्यान् पिढ्या म्हैसूर मुलखात काढलेल्या घरांतल्या बायका ते ऐकून एकमेकींकडे बघत राहायच्या. १९५५ साली अनुसूयाबाईंनी ठरवलं की आपलं नाटक आपणच लिहायचं. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. वय चाळिशीचं, बोलणं मोजकं. त्यांनी म्हैसूरच्या फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार लिहिला. हा सुभेदार माडीच्या कठड्याशी उभा राहून दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्या गल्लीला हुकूम सोडतो आणि स्वतःच्या घरात मात्र त्याचं कुणी ऐकत नाही.

खरं तर अनुसूयाबाईंना आधी शेषगिरी दिसला आणि मग सुभेदार सुचला. शेषगिरी तार ऑफिसात कारकून होता. उंच, रुंद छातीचा, पिळदार मिशांचा. प्रसाद वाटताना त्याने “रांगेत या” म्हटलं की मांडवाबाहेरचे लोकही रांगेत उभे राहायचे. ती छाती आणि तो आवाज यांच्या मापाने त्यांनी माणूस बेतला. लोकांना तो इतका आवडला की पुढच्या वर्षीही सुभेदारच हवा अशी मागणी आली. छप्पन साली सुभेदारांनी मुलीचं लग्न ठरवलं, सत्तावन्न साली नळाच्या पाण्यासाठी गल्लीची फौज उभी केली. बाजारात शेषगिरीला लोक सुभेदार म्हणूनच हाक मारू लागले.

अठ्ठावन्नच्या संक्रांतीनंतर त्याला खोकला लागला. मार्चमध्ये थुंकीत रक्त दिसलं. क्षय होता. गावाबाहेरच्या इस्पितळात तो चौदा महिने राहिला. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, शेवटी डाव्या बाजूच्या चार बरगड्या काढाव्या लागल्या. त्या वर्षी मंडळाने पुन्हा पुस्तकातलं नाटक केलं.

एकोणसाठच्या मे महिन्यात तो घरी आला तेव्हा चाळीस पौंडांनी उतरला होता. डावा खांदा खाली गेलेला, केस विरळ, गालांची हाडं वर आलेली. रोग आता कुणाला लागणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद त्याची बायको सत्यवती पिशवीत घेऊनच फिरायची, पण कागद कुणी मागत नव्हतं. लोक बोलायचे, फक्त चार पावलं लांबून.

जूनमध्ये शेषगिरी आपण होऊन अनुसूयाबाईंकडे आला.

“अक्का, यंदा सुभेदार करणार ना?”

“तुला झेपेल?”

“डॉक्टर म्हणाले, स्वल्प काम करायला हरकत नाही. घरी बसून मी पुन्हा आजारी पडेन.”

मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव चिकपेटेतले कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना काळजी होती. “नाटकाला बायका-मुलं येतात,” ते म्हणाले. “आणि सुभेदार म्हणजे कसा, अंगापिंडाचा पाहिजे. माझा पुतण्या जयसिंगराव आहे की. अगदी तसाच दिसतो.”

“दिसतो,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “पण लोक शेषगिरीला ओळखतात. दोन आठवडे तालीम बघू, मग ठरवू.”

पहिल्या आठवड्यात त्यांनी जुनाच सुभेदार जमवायचा प्रयत्न केला. शिंप्याने कोटाच्या आत कापूस भरला, डाव्या खांद्याला गादी लावली. शेषगिरी तो कोट चढवून उभा राहिला तेव्हा धड सुभेदाराचं आणि मान मात्र दुसऱ्याच कुणाची, असं दिसत होतं. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. पंधरा मिनिटांत त्याला धाप लागली. त्याने कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि म्हणाला, “जयसिंगरावांना सांगा. त्यांना बरोबर बसेल.”

“उद्या ये,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “कोटाशिवाय ये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याचा प्रवेश घ्यायला लावला. सुभेदार माडीवरून गरजतो, “दूध आहे की पाणी, वर येऊन सांग!” आणि दूधवाला खालूनच हात जोडतो, असं लिहिलं होतं. शेषगिरीने श्वास घेतला, पण वाक्य एका दमात येईना. “दूध आहे,” तो म्हणाला. थांबला. “की पाणी.” पुन्हा थांबला. आवाज इतका खाली होता की दूधवाल्याचं काम करणारा देवाप्पा आपली जागा सोडून पुढे आला, पायऱ्या चढला आणि त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. “काय म्हणालात?” त्याने विचारलं. हे लिहिलेलं नव्हतं. देवाप्पाला खरंच ऐकू आलं नव्हतं.

अनुसूयाबाईंनी हातातली वही मिटली. आजपर्यंत या सुभेदाराजवळ कुणी गेलंच नव्हतं, जायची गरजच पडली नव्हती. आता त्याचं ऐकायचं तर जवळ जावं लागणार होतं. आणि जवळ आलेला माणूस काही नुसतं ऐकून परतत नाही, आपलंही काही सांगतो.

पण अशा सुभेदाराला लोकांसमोर आणायचं तर तो असा का झाला हे सांगणं भाग होतं. त्या शेषगिरीच्या घरी गेल्या.

“सुभेदारालाही हाच आजार झाला होता असं मी लिहू का?”

शेषगिरीचा चेहरा उतरला. “नको, अक्का. देवी आल्या म्हणा, अपघात झाला म्हणा. माझा रोग लोकांना कशाला दाखवायचा?”

“सरी, नाही लिहीत,” अनुसूयाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सत्यवती दारापर्यंत आली, पण दार उघडायच्या आधी वळली. “परवा आपण जोशींकडे मुंजीला गेलो,” ती नवऱ्याला म्हणाली. “सगळ्यांना पितळी लोट्यातून कॉफी दिली. आपल्याला दोघांना अल्युमिनियमच्या. तुम्ही प्यायलात, मीही प्यायले. घरी येऊन आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. लोकांना ठाऊक आहेच की हो. गप्प फक्त आपण दोघं आहोत.”

शेषगिरीने अनुसूयाबाईंना पुन्हा बसायची खूण केली. मग म्हणाला, “तो लोटाही लिहा, अक्का.”

प्रतापरावांना नवीन वही वाचून दाखवली तेव्हा ते अस्वस्थ झाले. गणपतीच्या दिवसांत रोगराईचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. अनुसूयाबाईंनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “तुमच्या ओळखीत किती घरांत हा आजार होऊन गेला?” प्रतापरावांची धाकटी बहीण याच आजाराने गेली होती आणि घरच्यांनी सगळ्यांना तो विषमज्वर म्हणून सांगितला होता. शेवटी ते म्हणाले, “करा. पण हसवा मात्र. लोक हसायला येतात.”

नाटकाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलेलं होतं. पडदा वर गेला. सुभेदार आले ते माडीवर नव्हे, खालच्या दारातून, काठी टेकत. अंगात तोच सोनेरी बटणांचा कोट, पण बिनकापसाचा, खांद्यावरून लोंबणारा. हसायच्या तयारीत बसलेल्या लोकांचं हसू तसंच राहिलं. मागे कुणीतरी बायकोच्या कानात काही कुजबुजलं. पुढच्या रांगेत सत्यवती पदराचं टोक धरून बसली होती.

सुभेदार शेजाऱ्याच्या ओसरीवर बसले. शेजाऱ्याने सगळ्यांना कॉफी आणली आणि सुभेदारांसाठी एक वेगळा लोटा दूर पायरीवर ठेवला. सुभेदारांनी त्या लोट्याकडे पाहिलं, मग शेजाऱ्याकडे. आणि त्या हळू आवाजात, काळजीने विचारलं, “घरात कोण आजारी आहे? भांडं वेगळं ठेवलंय ते.”

मग बायकांच्या बाजूने एक हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसलं. हसता हसता काहीजण मध्येच थांबले. शेषगिरीने ते हसू ओसरू दिलं. पूर्वी तो हशावर आवाज चढवून पुढचं वाक्य म्हणायचा. आता तेवढा दम नव्हता, म्हणून तो थांबला. आणि लोकही त्याच्यासाठी थांबले. तिसऱ्या अंकापर्यंत त्याचं वाक्य आलं की माणसं पुढे वाकून ऐकू लागली होती. दूधवाला पायऱ्या चढून जवळ आला आणि आपल्या म्हशीऐवजी आपल्या आईबद्दल बोलायला लागला तेव्हा सभागृहात खुर्चीही वाजत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी एक बाई अनुसूयाबाईंची वाट बघत उभी होती. तिचं नाव गोजराबाई. होसकोट्याहून भावाकडे गणपतीला आली होती.

“बाई, ते सुभेदार कुठल्या इस्पितळात गेले होते?” तिने विचारलं.

“नाटकात ना?”

“नाही. खरे.”

मग तिने हळूहळू सांगितलं. सुनेला तीन महिने खोकला होता. रोज संध्याकाळी अंग गरम. गावात कळलं तर धाकट्या मुलीचं लग्न मोडेल म्हणून सुनेला मागच्या खोलीत ठेवलं होतं आणि माहेरी गेलीय म्हणून सांगितलं होतं.

“मी तिचा लोटा वेगळा ठेवलाय,” गोजराबाई म्हणाली.

शेषगिरी नुकताच कामावर परतला होता, म्हणून अनुसूयाबाईंनी तिला तार ऑफिसात नेलं. शेषगिरीने सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांकडे दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. सकाळच्या बसने गोजराबाई सुनेला घेऊन आली. सून विशीतली, यल्लव्वा नावाची. डोक्यावरून पदर घेऊन ती कुणाकडे न बघता बसली होती. इस्पितळातल्या बाकावर शेषगिरी तिच्या शेजारी बसला, चार पावलं सोडून नव्हे, शेजारीच.

“सुई दुखते का?” तिने पदराआडून विचारलं.

“दुखते. पण सवय होते.”

“नंतर भूक लागते?”

“इतकी लागते की बायको कंटाळते.”

यल्लव्वाच्या तोंडावर थोडं हसू आलं. तिचा आजार वेळेवर सापडला होता. ऑपरेशन लागलं नाही. आठ महिन्यांनी ती घरी गेली. नणंदेचं लग्नही झालं, कुणी मोडलं नाही. गोजराबाईने लग्नाची पत्रिका शेषगिरीला आणि अनुसूयाबाईंना, दोघांनाही पाठवली.

साठ सालच्या उन्हाळ्यात अनुसूयाबाईंनी पुढच्या नाटकाची वही काढली. शेषगिरीचं वजन आता बरंच भरून आलं होतं. गाल भरले होते, कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले होते आणि चालताना तो डावीकडे थोडा कलायचा. प्रतापराव रोज विचारायचे, यंदा सुभेदार काय करणार? अनुसूयाबाई म्हणायच्या, अजून माहीत नाही. त्या आठवड्यातून दोनदा शेषगिरीच्या घरी जायच्या आणि तिथे बसून, तो सत्यवतीशी कसा बोलतो, दार उघडताना कुठला हात वापरतो, कशाला हसतो, ते बघायच्या. आता नुसतं छातीचं आणि आवाजाचं माप पुरत नव्हतं, म्हणून पहिलं पान लिहायला त्यांना पूर्ण एप्रिल लागला.