कप्तान हिबाराचा कोट

लग्न होऊन आल्यावर आठवड्याच्या आतच माझ्या सुनेनं, वेदश्रीनं, जेवताना टीव्हीवर एक जपानी कार्टून लावलं. त्याला कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, हे मला नंतर कळलं. मी हुबळीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. ताट हातात घेऊन हे काय बघायचं म्हणून तोंड वाकडं करूनच बसले. थोड्या दिवसांनी मीच विचारायला लागले, "काय गं, तो हिबारा सुटला का?"

कप्तान हिबारा हा त्या मालिकेतला खलनायक. समुद्री चाचा, पण तलवार उपसताना मी त्याला कधी पाहिलं नाही. समोरच्या जहाजावर पाहुणा म्हणून जायचं, चहा प्यायचा, एखाद्या वस्तूचं तोंड भरून कौतुक करायचं आणि ती जागच्या जागी ठेवून निघून यायचं. मग आपली अडचण त्या जहाजाच्या कप्तानाच्या सतत डोळ्यांसमोर राहील अशी सोय करायची. मागायचं मात्र नाही. दोन-चार भागांनी तो कप्तान स्वतःच्या हातानं वस्तू आणून देतो, वर आपल्या जहाजाचा झेंडाही देतो. त्या झेंड्यांचे तुकडे जोडून हिबारानं कोट शिवलाय. एवढा बेरकी माणूस, की बसतानासुद्धा पाठ भिंतीला लावून बसतो.

वेदश्रीची सगळी मालिका आधीच बघून झालेली. "पुढं काय होतंय सांगू का आई?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मी तिला दटावलं. पुढचं एक अक्षर सांगायचं नाही. माझाच हुकूम मला पुढे भोवला.

विद्यानगरात एका हॉलमध्ये ॲनिमेवाल्यांची वेशभूषा स्पर्धा होती आणि वेदश्रीला हिबारा व्हायचं होतं. कोटाचं कापड आणायला ती दाजीबानपेठेत निघाली, तेव्हा मीच म्हटलं, "थांब, माझी ट्रंक उघड आधी."

ट्रंकेत ब्लाऊजपीस होते, गच्च भरून. आमच्या देशपांडे नगरात हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही, पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत घालतात. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत मात्र कुणी नाही. एक पोपटी ठिपक्यांचा तुकडा तर अख्खी गल्ली फिरून दोनदा माझ्याकडेच आलाय. अशा फिरत्या मालाचा कुणाच्या अंगावर कोट होत असेल तर मला आनंदच होता.

तळाशी डाळिंबी रंगाचा खण होता. तो फिरता नव्हता. माहेराहून मी शेवटची निघाले, तेव्हा माझ्या आईनं तो ओटीत घातला होता. पुढच्या दिवाळीला आई नव्हती. मी तो शिवला नाही, कुणाला दिला नाही. दर दसऱ्याला ऊन दाखवते आणि परत ठेवते, आणि ठेवताना मला रडू येतं.

वेदश्रीनं खणावरून हात फिरवला. "किती गोड रंग आहे की हो आई हा," म्हणाली, आणि नीट घडी घालून होता तिथे ठेवला.

कौतुक केलं आणि जागच्या जागी ठेवला! ही चाल मी रोज जेवताना बघत होते.

आठवडाभर शिलाई मशीन खडखडत होतं. कोट झाला मात्र देखणा. बाह्या, खिसे, कॉलर, सगळे वेगवेगळ्या रंगांचे. फक्त पाठीवर मधोमध वीतभर भोक.

"हे काय गं?"

"असू दे की आई. तेवढा एक तुकडा मिळाला नाही," ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

"पोपटी लाव की तिथं."

"नको. पोपटी नाही चालायचा तिथं."

आणि कोट तिनं माझ्या खोलीसमोरच्या खुंटीला टांगला, पाठ माझ्याकडे करून. मी मनात म्हटलं, बाई गं, पोरांच्या कॉप्या पकडण्यात माझे केस पांढरे झाले. हिबारागिरी माझ्यापुढे नको. हवा असेल तर तोंडानं माग. मागितलास तरी देणार नाही. आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे राहिली आहे.

शनिवारी दुपारी ती बटणं आणायला गेली. घरात मी आणि तो कोट, दोघंच. भोकाकडे बघून बघून माझं डोकं उठलं. उद्या माझी सून चारचौघांत भोक पडलेला कोट घालून उभी राहणार, आणि खण अंधारात पडून राहणार. शेवटी उठले. पण मीही काही कमी नाही. खणाला कात्री लावली नाही. घडी घालून भोकावर बसवला आणि लांब लांब कच्चे टाके घातले. रविवारी संध्याकाळी दोरा ओढला, की खण परत ट्रंकेत. हिबाराला फसवलं म्हणून खूष होऊन मी चहा टाकला.

वेदश्री आली आणि कोटासमोर उभीच राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. वाकून मला नमस्कार केला आणि आत गेली.

स्पर्धेला मी शेजारच्या इंदूअक्काला बरोबर नेलं, ही घोडचूक झाली. वेदश्री स्टेजवर आली आणि अक्का ओरडली, "अय्यय्य, डावी बाही नम्मदु, आमची! मी तुला संक्रांतीला दिलेला पीस की गं तो, जया!"

"आणि तुला तो मीच दिला होता," मी म्हटलं.

"होय? मग स्मृतीनं मला दिलेला कुठं गेला?"

"उजवा खिसा," मागच्या रांगेतून आवाज आला. ती आमच्या गल्लीतली स्मृतीच होती.

माझी अब्रू अशी तुकड्या-तुकड्यानं जात असताना परीक्षक बोलायला लागला. चष्म्याचा काटकुळा मुलगा, पण पेपर तपासणाऱ्याचा चेहरा. "सगळं छान जमलंय," तो म्हणाला. "पण पाठीवर भोक हवं होतं. शेवटच्या भागात हिबारा पहिल्यांदा पाठ दाखवतो, तेव्हा ते दिसतं. एका कप्तानानं त्याला झेंडा दिला नाही, ती जागा त्यानं तशीच ठेवलेली असते. हे कसं विसरलात?"

पोरीनं कसलीही चाल केली नव्हती. तिला खण नकोच होता. मला फार फार लाज वाटली.

वेदश्रीनं माईक हातात घेतला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "विसरले नाही. हिबाराला तो झेंडा शेवटपर्यंत मिळाला नाही. मला मिळाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पहिला नंबर गेला तो गेलाच.

परत येताना रिक्षात मी तिला झापलं. "काल सांगायला काय झालं होतं तुला?"

"पुढचं सांगायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलंय की."

"मग काढून टाकायचा होतास खण! नुसता दोरा ओढला असतास तरी निघाला असता. कच्चे टाके घातले होते मी." बोलून गेले आणि जीभ चावली.

"बघितलं की मी ते," वेदश्री म्हणाली.

मी कोट मांडीवर ओढला आणि उलटा केला. माझा एकही टाका शिल्लक नव्हता. खणाच्या चारी बाजूंनी मशीनची दुहेरी शिलाई होती.

"सकाळी तुम्ही पूजेला बसला होता, तेव्हा मारली," ती म्हणाली. "तुमचं मन बदलायच्या आत."