बाबा, उतरा

"बाबा काय बॅग आहेत, विमानतळावर विसरायला?" बुनहिंग बहिणीवर, ग्योकलानवर खेकसला. पण देव्हाऱ्यासमोर टाकलेली दोन नाणी पुन्हा एकसारखीच पडली होती. एक छापा, एक काटा पडला तर पितरांचा होकार. "बाबा, घरी आलात ना?" या प्रश्नाला दोन महिने होकार मिळत नव्हता.

ग्योकलानला कारण ठाऊक होतं. बाबांनी उभा जन्म तायतुंगच्या साखर कारखान्यात काढला आणि मरताना म्हणाले, किनमेन बेटावर, आपल्या घरी न्या. नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर साडेतीनशे किलोमीटरसुद्धा भरत नाही, विमानाला तासभर पुरे. पण असल्या आडगावच्या विमानतळांना विचारतो कोण? सरळ विमानच नाही. आधी ताइपे, तिथं विमान बदला, मग किनमेन, असा द्राविडी प्राणायाम.

मेलेल्या माणसाला घरी नेताना वाटेत सगळं सांगत जावं लागतं. बाबा, पूल आला. बाबा, चढा. बाबा, उतरा. नाही सांगितलं तर तो मागं राहतो. खरं तर हे मुलाचं काम, पण चारचौघांत बोलायची बुनहिंगला लाज, म्हणून ते ग्योकलानच्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी किनमेनवर धुकं होतं. विमान घिरट्या घालून ताइपेला माघारी आलं. जागरणांनी थकलेल्या ग्योकलानला डुलकी लागली होती, घोषणा तिनं ऐकलीच नाही. चाकं टेकली तशी ती मांडीवरच्या अस्थिकलशाला म्हणाली, "बाबा, घर आलं. उतरा." आणि डोळे उघडून पाहते तो ताइपे.

दुसऱ्या दिवशी अस्थी किनमेनला पोचल्या. बाबा मात्र लेकीच्या शब्दावर विसंबून ताइपेलाच उतरले, असं तिच्या मनानं घेतलं. किनमेनच्या बसस्टँडजवळ आपल्या गाडीवर शेवया उकळताना तिला ते दिसायचे. परक्या माणसांच्या गर्दीत ताठ बसलेले, हे कसलं घर म्हणून बघत राहिलेले.

शेवटी ती एकटीच ताइपेला गेली. विमानतळावरच्या बाकावर तिनं शेंगदाण्याची वडी ठेवली आणि हलकेच म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. हे आपलं घर नव्हे. अजून एक विमान आहे. चला." शेजारच्या बाईनं आपली पिशवी उचलून जागा करून दिली.

किनमेनला चाकं टेकली तरी ग्योकलानला 'उतरा' म्हणायचा धीर होईना. पलीकडच्या तरुण शिपायाला तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.

"किनमेनच आहे, मावशी," तो म्हणाला. "बाहेर माझी आई उभी आहे."

तेव्हा कुठं ती म्हणाली, "बाबा, उतरा."

दारात तिनं काळी छत्री उघडली आणि स्वतः उन्हात राहून शेजारी, बाबांवर धरली; आत्म्याला ऊन लागू द्यायचं नसतं. बाबांचा गुडघा दुखायचा, म्हणून एकेक पायरी थांबत उतरली. मागची माणसं खोळंबली, पण कुणी घाई केली नाही.

घरी बुनहिंगनं नाणी टाकली. पहिल्याच खेपेला छापा आणि काटा.

"झालं समाधान?" तो म्हणाला, पण त्याचाही आवाज ओला झाला होता.

ग्योकलानच्या डोळ्यांना धार लागली. इतके दिवस बाबा हरवलेले होते, म्हणजे कुठंतरी होते. जाऊन आणता येत होते. आता ते घरी आले, आणि खरोखरच गेले.

आत ताटं मांडली, वहिनीनं दोनदा हाक मारली. ग्योकलान दारातच उभी होती. छत्री तिनं अजून मिटली नव्हती.