पाटीवरचे आडनाव

दत्ताराम शिगवण यांना त्यांच्या खऱ्या आडनावाने ओळखणारा माणूस अमिरातीतल्या खोर फक्कानमध्ये शोधूनही सापडला नसता. बंदरातले क्रेनवाले, मल्याळी कॅफेटेरियावाले, जहाजांना शिधा पुरवणारे दलाल, सगळ्यांच्या फोनमध्ये ते 'पावटे' होते. अजमानच्या 'पावटे ट्रेडिंग'ची कडधान्ये ते पंचवीसेक वर्षे त्या किनाऱ्यावर विकत आले होते. गाडीवर नाव पावटे, पावतीवर नाव पावटे. मग गाडीतून उतरणारा माणूसही पावटेच, असे त्या गावाने धरून टाकले होते. गुहागर-चिपळूणकडची जी मुले बंदरात कामाला येत, तीही त्यांना पावटेकाका म्हणत, आणि सुट्टीवर गेली की घरी त्याच नावाने त्यांच्या गोष्टी सांगत.

आता त्यांची साठी झाली होती. पुढच्या महिन्यात व्हिसा संपला की ते कायमचे गावी जाणार होते. गुहागरजवळच्या शृंगारतळीच्या बाजारात त्यांनी एक गाळा घेतला होता. किराणा आणि कडधान्याचे दुकान काढायचे होते. एकच गोष्ट उरली होती. त्या दुकानाच्या पाटीवर त्यांना 'पावटे' हे नाव हवे होते. त्या पट्ट्यात आखातातून परतलेली कितीतरी घरे होती आणि ती सगळी पावटेकाकांना ओळखत होती. शिगवण काय, वाडीवाडीला होते. नव्या दुकानदाराला पहिली दोन वर्षे ओळखच तारते किंवा मारते, हे त्यांना धंद्याने शिकवले होते. शेठना हे विचारायचे ठरवून ते एका रविवारी अजमानला आले. निमित्त निरोपाच्या जेवणाचे होते.

रणजित पावटे हे पेढीचे मालक. त्यांचे वडील बापू कराडकडून येथे आले आणि एका खोलीत मूग-मटकीची पोती मांडून बसले; तेव्हापासूनचे ते नाव. रणजितरावांच्या पत्नी संध्याताईंनी खास दत्तारामांसाठी वालाचे बिरडे केले होते. जेवण झाल्यावर मुलगा कुणाल लॅपटॉप घेऊन आला. लंडनहून शिकून आल्यावर पेढीचा माल पाकिटांत भरून सुपरमार्केटच्या फळीवर नेण्याचे काम त्याने अंगावर घेतले होते. पडद्यावर गडद हिरवे पाकीट होते आणि त्यावर सोनेरी अक्षरांत नाव होते : फेबियस.

दत्तारामांनी हे कुठल्या कंपनीचे म्हणून विचारले. कुणाल म्हणाला, आपलेच. पावटे हे नाव पाकिटावर चालणार नाही, असे त्याचे ठाम मत होते. मंडळाच्या गणेशोत्सवात मराठी पोरे त्याला 'ए पावट्या' म्हणून हाक मारत, ते तो विसरला नव्हता. पण ते कारण त्याने सांगितले नाही. त्याने सांगितले ते रोमविषयी. फेबियस हे प्राचीन रोममधले एक थोर आडनाव. ते शेंगेतल्या एका दाण्यावरून पडले, असे जुने लोक म्हणत. येथे हिवाळ्यात उकडून विकतात तो बाजिल्ला, तोच तो दाणा, आपल्या पावट्याचा लांबचा भाऊ. काही अभ्यासकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, लांडगे पकडायला खड्डे खणणाऱ्यांचे ते नाव. पण रोमन लोकांना दाण्यावरून आडनाव असण्याची लाज नव्हती. मसुरावरून होते, वाटाण्यावरून होते, हरभऱ्यावरूनही होते. आणि या घराण्याची तर दंतकथाच आहे : सगळे फेबियस एकदा शहराच्या वतीने एकटेच लढायला गेले आणि मारले गेले, घरी राहिलेल्या एका मुलापासून वंश पुढे चालला.

"म्हणजे आडनाव तेच, फक्त धुऊन इस्त्री केलेलं," दत्ताराम म्हणाले. रणजितराव मोठ्याने हसले.

संध्याताईंनी मुलींचे काय, असे विचारले. कुणाल म्हणाला, मुलींना बहुधा वेगळे नावच नसे. त्या घरातली प्रत्येक मुलगी फेबिया. थोरली फेबिया, धाकटी फेबिया. मात्र लग्न झाले तरी हे नाव बदलत नसे.

"निदान तेवढं तरी," संध्याताई म्हणाल्या. "माझं तांदळाच्या ताटात दोन्ही बदललं. माहेरची मी कावेरी, हे तुझ्या बापाला आता आठवतं की नाही कोण जाणे."

रणजितरावांनी आठवते म्हटले आणि बडीशेपेची वाटी पुढे सरकवली. दत्तारामांना वाटले, हीच वेळ. जुने नाव आता मोकळे झालेच आहे, तर ते माझ्या गाळ्याला द्या, असे ते हसत म्हणाले. मग हसणे थांबवून त्यांनी सगळे नीट सांगितले : गाळा, बाजार, परतलेली माणसे. रोख उत्तर मिळेल, अशा बेताने त्यांनी शेठकडे पाहिले.

रणजितरावांना नाही म्हणायचे नव्हते आणि हो म्हणता येत नव्हते. दुकान मालावर चालते, नावावर नाही, असे ते प्रथम म्हणाले. मग म्हणाले की कराडला चुलतभाऊ आहेत, भाऊबंद आहेत. उद्या कोणी विचारले, गुहागरकडे हे कुठले पावटे, यांची सोयरीक कुठे... वाक्य त्यांनी तिथेच सोडले. उरलेले सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे आडनाव ऐकले की समोरच्याचे गाव, कूळ आणि जात मनात मांडून मगच पाणी पुढे करणारे लोक अजून आहेत, आणि आपण त्यांतले नाही, असे रणजितराव आतापर्यंत मानत आले होते.

कुणालला वडिलांचा राग आला. त्याचे दत्ताकाकांवर खरोखर प्रेम होते. गाडी चालवायला त्यांनीच शिकवले होते.

"पप्पा, धिस इज नॉट फेअर," तो म्हणाला. "रोममध्ये तर हा प्रश्नच नव्हता. मालकाने गुलामाला मोकळं केलं की तो मालकाचंच आडनाव लावायचा. त्याला कुणी विचारायचंसुद्धा नाही. अशा लोकांमुळेच तर ती नावं इतकी पसरली."

बोलून झाल्यावर आपण कोणता शब्द वापरला, ते त्याला कळले. संध्याताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि नजर खाली वळवली.

दत्तारामांनी बडीशेप सावकाश चावली. "आणि त्याचं आधीचं नाव?" त्यांनी विचारले.

"ते... ते शेवटी जोडायचा. काका, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माझीच बाजू घेत होतास तू. कळलं मला." ते रणजितरावांकडे वळले. "शेठ, राहू दे. शिगवणच लिहितो."

रणजितरावांना आधी सुटल्यासारखे वाटले. मग ते सुटणे त्यांचे त्यांनाच दिसले, आणि त्यांना बसवेना. कुणाल गाडी काढायला खाली गेला, तेव्हा ते दत्तारामांच्या मागोमाग लिफ्टपर्यंत आले. तुला हवे तर खुशाल लाव, भाऊबंदांचे मी बघतो, असे ते म्हणाले. लिफ्ट आली, उघडली, पुन्हा मिटली.

"तासाभरापूर्वी म्हणाला असतात तर लावली असती पाटी," दत्ताराम म्हणाले. "हौसेनं लावली असती. तेव्हा मी नुसतं नाव मागत होतो. आता पाटी वाचताना मला त्यात दुसरंच काही दिसेल."

रणजितरावांनी त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

कुणाल त्यांना खोर फक्कानला सोडायला निघाला; गाडी डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याला लागली. मग त्याने माफी मागितली. दत्तारामांनी गाडीचा वेग कमी करायला सांगितले. पुढे उतार आहे, म्हणाले. पाकिटाचा रंग चांगला आहे, फक्त दाणा दिसायला एक खिडकी ठेव, गिऱ्हाईक दाणा बघून घेते, असेही म्हणाले. ते रागावलेले नव्हते, आणि कुणालला तेच जास्त जड गेले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शृंगारतळीहून पुतण्या बोलत होता. रंगारी उद्या पाटी करायला घेणार होता. पावटेच लिहायचे ना, एवढे पक्के करायचे होते.

"शिगवण लिहायला सांग," दत्ताराम म्हणाले.

पलीकडून पुतण्या बराच वेळ बोलला. असे कसे, लोकांना कळणार कसे हे दुकान कुणाचे, असे तो विचारत असावा. दत्तारामांनी त्याचे सगळे ऐकून घेतले.

"नाही कळणार पाटीवरून," ते म्हणाले. "पण आत मी बसलेला असेन ना. ज्याला बघायचंय तो येईल आत."

फोन ठेवून त्यांनी काच थोडी खाली केली. डोंगर संपत आले होते, आणि वाऱ्याला आता समुद्राचा वास येऊ लागला होता.